देवळाच्या अलीकडून परत

श्रीगजाननाला व कृष्णामाईला वंदन करून, सूनबाईच्या धावण्याच्या सरावानिमित्त घडलेल्या सांगली-सातारा प्रवासाचे हे निवेदन वाचकांपुढे ठेवतो.

शनिवारी दुपारी विश्रामबागेतून मोटारीने निघालो. माझी सून मीरा महाविद्यालयात शिकवते. गेल्या वर्षी डोंगरातील एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी तिने घाईने अंतर वाढवले. गुडघा सुजला, शर्यत हुकली. यंदा पुन्हा नाव घातले आहे. गुडघा टिकेल ना, हीच घरात चिंता. मलकापूरला चहासाठी थांबलो. मी भजी मागवली. तिने केळे सोलले आणि माझ्या बशीकडे पाहणे टाळले.

रविवारी सकाळी यवतेश्वराचा घाट. धावणाऱ्यांना शिकवणारे हणमंतराव मूळ माण तालुक्यातले, लष्करातून निवृत्त. त्यांच्या दुचाकीवर मागे बसून मी वर गेलो, महादेवाचे दर्शन घेतले आणि प्रसादाचे कंदी पेढे घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. खाली सातारा धुक्यात बुडालेला. अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर.

मीरा वळणावर दिसली. देऊळ हाकेच्या अंतरावर होते. मी हात उंचावला. तिने तेथूनच हात जोडले, पाठ फिरवली आणि घाट उतरू लागली. देवाच्या दारातून सून परतली, हे मला बोचले.

"आवं आप्पा, मॅडमचं आजचं माप तितंच संपतंय," हणमंतराव म्हणाले. "तीन आठवडं अंतर वाढवलं की चवथ्याला कमी करायचं, आन् ह्यो चवथा. गेल्या साली ऐकलं न्हाई."

"देवासाठी चार पावलेसुद्धा नाहीत?"

"देव कुटं पळून जातोय व्हय? गुडगा जातो."

मी हसलो नाही. मात्र घाट उतरताना माझी लहानपणची वेदपाठशाळा आठवली. पदपाठानंतर क्रम, क्रमानंतर जटा. जटेत दोन पदे पुढे म्हणायची, तीच उलटी म्हणायची, मग पुन्हा पुढे. मागे येणे हा तेथे पाठाचाच भाग असतो. ते गाळून पुढचा घनपाठ कोणाला साधल्याचे मी पाहिले नाही.

पायथ्याशी मीरा घाम पुसत बसली होती. "आप्पा, रागावलात? तुम्हाला उभे पाहून फार मोह झाला होता."

मी तिच्या हातावर पेढा ठेवला. "गुडघा काय म्हणतो?"

"गप्प आहे."

परतीला मलकापुरात भजी तिनेच मागवली. शर्यत अजून पुढे आहे. सून आपल्या क्रमाने दर्शनाला येईल, असे मी पायथ्यावरूनच यवतेश्वराला सांगून ठेवले आहे.

वाचकहो, आपल्या घरच्यांना योग्य ठिकाणी परत फिरण्याची बुद्धी आणि पुन्हा निघण्याचे बळ तो महादेव देवो. आपणा सर्वांचे कल्याण असो.