गुलाबी पास

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या कार्यालयात संगणक आला आणि त्याच्यासोबत एसी आला. मे महिन्यात संगणकाला कोण विचारतो! अख्खा हिशेब विभाग फायली घेऊन त्या गार खोलीत येऊन बसायचा, काही जण तर डब्यासकट. खोलीचा प्रमुख मी. मला नुकतीच टेबलावर काच मिळाली होती, त्यामुळे अंगात साहेब शिरला होता.

मी पास काढले. त्यावर माझी सही, माझा शिक्का. पास नसेल तो बाहेर. एकदा मिळालेला पास कोणी जन्मभर वापरू नये म्हणून दर महिन्याला रंग बदलायचा. दारावरच्या चौकीदाराला बजावलं, "चेहरा पाहायचा नाही, पास पाहायचा." त्याने एका अधिकाऱ्याला ओळखीवर आत सोडलं, तेव्हा त्याला ताकीद दिली आणि पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल, असंही सुनावलं. या व्यवस्थेचं कौतुक मी घरी जेवतानाही करायचो. बायको भात वाढून निघून जायची.

जूनचे गुलाबी पास मी शनिवारीच सह्या करून ठेवले, तेही सगळ्यांत सुरक्षित जागी, म्हणजे त्याच खोलीतल्या कपाटात. माझाही त्यातच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा निघाला.

सोमवारी, एक तारखेला, बाबा उमरेडहून आले. हयातभर हातमाग चालवलेला माणूस. मुलाचं मशीन पाहायची त्यांना फार हौस. नवं धोतर नेसून आले होते आणि दुपारच्या एसटीने परत जायचं होतं. मी ऐटीत त्यांना दारापर्यंत नेलं आणि पिवळा पास काढला.

"साहेब, हा मे महिन्याचा हाये. आजपासून गुलाबी पाह्यजे."

"गुलाबी आत आहेत."

"मंग आनून दाखवा."

"आत गेल्याशिवाय कसे आणू?"

"थे मले नाई समजत, साहेब. पन पास नसताना सोडलं तर माही नोकरी जाते. तुमीच सांगतलं."

नियम मोडायची परवानगी फक्त मोठे साहेब देऊ शकत, आणि ते संध्याकाळपर्यंत दौऱ्यावर होते. मी आवाज चढवला. तेवढ्यात मागे हिशेब विभाग जमला. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. बाबांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहून चिडून राहिला गा त्याच्यावर?" बाबा म्हणाले. "चाल, चहा पाज."

बसस्टँडवर त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. एवढं एकच काम त्या दिवशी मला जमलं. खाली उभा राहून म्हणालो, "बाबा, तुमची खेप फुकट गेली."

"फुकट कायची?" बाबा खिडकीतून वाकले. "थो तुले हाकलून राहिला होता, पन साहेब म्हनून हाकलून राहिला होता. आपल्या घरात आजवर कोनाले असं हाकललं नाई."