जिजींचं गार घर

जिजींच्या घरात शिरलं की मे महिन्यातल्या अकोल्यातही अंगावरचा घाम सुकायचा, आणि मी मनातून जळायचे. आमच्याकडे दोन एसी, त्यांच्याकडे एकच कूलर. तरी माझ्या सासूबाई दुपारचं जेवण आटोपलं की भिंतीपलीकडे, जिजींकडेच जाऊन बसायच्या.

जिजी अंजनगाव सुर्जीच्या, पानमळ्यात वाढलेल्या. पानवेलीला सावली लागते तशी घरालाही लागते, असं त्या मानायच्या. उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीवर दाट वेल, खिडकीला वाळ्याचा पडदा. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी. "कोंडलेली हवा किती फिरवशीन? तिले बाहेर जायले वाट दे न," म्हणायच्या.

न विचारता सल्ला द्यायची त्यांना खोडच होती. एकदा मी गरम दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवताना त्यांनी पाहिलं. "काहून वं, त्या बिचाऱ्या फ्रिजले शिक्षा देऊन राहिली का?" सासूबाई खळखळून हसल्या. माझ्या कुठल्याच बोलण्यावर त्या अशा हसल्या नव्हत्या.

मग एका दुपारी व्होल्टेज इतकं पडलं की आमचे एसी सुरूच होईनात. स्लॅब तापलेला, सासूबाईंना घेरी आली. मी घाबरून हाका मारल्या, तशा जिजी धावत आल्या आणि त्यांना धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. तिथे कूलर इन्व्हर्टरवर चालू होता. हळूहळू सासूबाई उठून बसल्या. संध्याकाळी न्यायला गेले तर म्हणाल्या, "मले आज इथंच राहू दे." त्या सावरल्या याचा आनंद होताच, पण एकटी परतताना डोळे भरून आले.

पुढे जिजी मुलाकडे अमरावतीला गेल्या. सासूबाई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. मला वाटलं, आता तरी त्या माझ्याजवळ बसतील.

तसं झालं नाही. रोज दोघींचा फोन असतो. परवा मी फ्रिजच्या दाराचं सैल रबर बदलून घेतलं, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढून मागची धूळ काढली. सासूबाईंनी लगेच बातमी दिली. स्पीकरवर जिजींचा आवाज आला, "लय हुशार हाय तुमची सून."

इतकी वर्षं हे वाक्य मला सासूबाईंच्या तोंडून हवं होतं. मी हातातलं फडकं तसंच धरून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"ते जाऊ द्या, जिजी," सासूबाई म्हणाल्या, "तुमी कवा येता ते सांगा."