दहावी सही

देवासच्या कारखान्यांमागच्या वस्तीत सगुणाबाई राहायची. नवरा साताऱ्याकडून नोकरीसाठी आला, कारखान्यात राबला आणि एक दिवस गेला. मागं उरली ती आणि चार घरची धुणीभांडी. सन दोन हजारच्या उन्हाळ्यात सगळ्या शहराच्या घशाला कोरड पडली, तेव्हा भैयासाहेबांच्या समितीनं वस्तीतल्या बायकांना नवं काम शिकवायचं ठरवलं: छतावरचं पावसाचं पाणी पाईपातून, गाळणीतून बोअरमध्ये उतरवायचं. फलकावर लिहिलं होतं, ‘पर्यावरणातून रोजगार’. भैयासाहेब निवृत्त अधिकारी आणि समितीचे अध्यक्ष. उद्घाटनाला ते तासभर पाण्यावर बोलले, आणि तेवढ्या वेळात समोरच्या बायकांना कुणी पाणी विचारलं नाही.

सगुणाबाईचा हात मात्र चटकन बसला. नऊवारीचा पदर खोचून ती शिडी चढली की खालून कुणीतरी माळवी थाटात ओरडायचं, “भिया, देख, मिस्त्रीण.” ती वरून पाना दाखवायची. अट एकच होती: दहा घरांची कामं, दहा घरमालकांच्या सह्या. मग मिस्त्र्यांच्या सरकारी यादीत नाव, आणि भांडी कायमची सुटली. नऊ सह्या झाल्या. दहावं घर तिनं मानाचं म्हणून भैयासाहेबांचं ठेवलं होतं.

“आमच्या बोअरचं पाणी देवाला लागतं, सगुणाबाई,” ते म्हणाले. “छतावर कबुतरं बसतात, माणसं चपला घालून फिरतात. ते पाणी देवावर घालू? तुम्ही दुसरं घर बघा.”

दुसऱ्या घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, “अध्यक्षांनी बसवलंय का?” खोटं बोलायची सवय नाही, ही बाईची मोठीच खोड. पाऊस आला तरी कागद नऊ सह्यांवरच अडलेला. हाताला चैन पडेना, म्हणून तिनं उरल्यासुरल्या तुकड्यांनी वस्तीतल्या चार टिनाच्या छपरांचं पाणी हातपंपाच्या बोअरमध्ये सोडलं. त्या कामाला मालकही नव्हता नि सहीही नव्हती.

पुढच्या वैशाखात भैयासाहेबांचा बोअर ठणठणीत कोरडा पडला. टँकर यायचा, पण ते पाणी कुठलं कुणास ठाऊक, देवाला कसं चालणार? वस्तीचा पंप मात्र चालू होता. भैयासाहेबांच्या पत्नी इंदिराबाई रोज सकाळी तांब्याची कळशी घेऊन येऊ लागल्या. सगुणाबाई दांडा मारून द्यायची, पण पाणी कुठून आलं ते सांगायची नाही. महिनाभरानं भैयासाहेब स्वतः आले, ओंजळभर प्यायले आणि खूष होऊन टेकडीवरच्या देवीला हात जोडत म्हणाले, “झरा लागलाय तुमच्या पंपाला. टेकरीवाली माता की कृपा है.”

आता मात्र तिला राहवेना. “झरा कुठला, भैयासाहेब. हे आमच्या छपरांचं पाणी.”

त्यांनी वर पाहिलं. टिनावर मिरच्या वाळत होत्या आणि एक कोंबडी निवांत फिरत होती.

“ओतून टाक ते,” ते बायकोला म्हणाले आणि काठी आपटत निघून गेले.

इंदिराबाईंनी कळशी कमरेवर घेतली. “महिनाभर देव याच पाण्यानं न्हातोय. तो काही बोलला नाही.”

“पण माझी दहावी सही गेली हो, वहिनी,” सगुणाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“कसली सही?”

तिनं सगळं सांगितलं. इंदिराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“घरमालकाची ना? घर माझ्या नावावर आहे. नोकरीत असताना ह्यांनीच करून ठेवलंय. मला कधी विचारलंस?”

सगुणाबाईनं कपाळावर हात मारला. बायका मिस्त्री होऊ शकतात, हे वर्षभर शहराला पटवत हिंडली, आणि सही मागायला दर वेळी पुरुषापुढेच उभी राहिली. तिला मनापासून लाज वाटली.

दुपारी तीनला, भैयासाहेब जेवून घोरत असताना, ती पाईप घेऊन त्यांच्या छतावर चढली. खाली घरमालकीण शिडी धरून उभी होती.