आबांनी शो मागितला

आमच्या घरात तीन पत्ती पैशांवर कधीच चालली नाही, चिंचोक्यांवर चालली. फौजेतून पेन्शनवर आलेल्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आम्हा बहीणभावाला ती शिकवली. हातात काही नसताना चाल वाढवणाऱ्याला ते असं पकडायचे की पुन्हा थाप मारायची छाती व्हायची नाही.

गेल्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हातपाय सुधारतील, डोक्याचं काय ते हळूहळू कळेल. मी इस्लामपूरहून दर रविवारी पलूसला माहेरी जायचे. आबा जेवायचे, टीव्हीकडं बघत बसायचे, पण मला एकदाही हाक मारली नाही. आपली लेक समोर बसलीय हे त्यांना कळतंय का, याच घोरात मी परत यायचे.

त्यांचं मन रमावं म्हणून दादानं पत्ते काढले. आबा पत्ते न बघताच, ब्लाइंड, एकेक चिंचोका पुढं सरकवायचे. दादा-वहिनी चांगले पत्ते असले तरी टाकून द्यायचे आणि आबा जिंकले म्हणून टाळ्या वाजवायचे. तान्ह्या पोराला खेळवतात तसं. माझं डोकंच फिरायचं. अरे, त्यांना कळतंय का नाही, ते तरी कळू द्या की.

एका रविवारी मला गुलाम, सत्ती आणि तिर्री आली, तिन्ही वेगळ्या रंगांची. निव्वळ कचरा. दादा-वहिनी सवयीनं पत्ते टाकून डावातून बाहेर पडले आणि मी नि आबा उरलो. मी चाल दुप्पट केली. आबा भानावर असतील तर ही थाप पचू देणार नाहीत, आणि नसतील तर तेही एकदाचं कळेल, असं मनाशी म्हटलं. त्यांनी नुसताच चिंचोका सरकवला. मी पुन्हा दुप्पट केली, त्यांनीच शिकवल्यासारखी, घाई न करता.

"आवं ताई, जाऊ द्या की," वहिनी पुटपुटल्या.

आबांचा हात थांबला. बऱ्या हातानं त्यांनी आपले पत्ते उचलून बघितले, मग माझ्याकडं बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा मला हरायचं होतं. त्यांनी चिंचोक्यांची मूठ पुढं ढकलली.

"शो."

दोघांनी पत्ते उघडले. त्यांच्याकडं फक्त दुर्र्यांची जोडी होती, पण माझ्या कचऱ्यापेक्षा भारी. एवढ्या चालीला एवढ्याशा जोडीवर कुणी उभं राहत नाही. समोरचा थाप मारतोय अशी खात्री असेल तरच राहतो.

"कसं कळलं आबा तुम्हाला?"

त्यांची जीभ जड होती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "थाप मारताना नाक चोळतीस तू. शाळंला दांडी मारायचीस, तवापासनं." मग ते दादाकडं वळले. "आन तू रं? मला येडा समजून हरतोस व्हय?"

दादानं खाली बघत सगळे चिंचोके आबांकडं सरकवले. मला तर इतकं हायसं वाटलं की मी तिथंच रडायला लागले.

"रडतीस कशाला," आबा म्हणाले. "पत्ते पिस."