हरणाचा फरा आणि आप्पाकाकांची करवंदं

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही हो. आपण जमतो मटण भाजायला. संध्याकाळी हात धुऊन, डबे गाडीत टाकून घरी येतो, तेव्हा मटण संपलेलं असतं आणि किस्सा उरलेला असतो! आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत हे इतकी वर्षं चाललंय की ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की आधी त्याला बसवून सगळं सांगावं लागतं. नाहीतर बिचारा नुसत्या माना डोलवत राहतो.

तर बसा. मी स्मिता, साताऱ्याची. माझा नवरा प्रशांत नागपूरचा, कोळसे पेटवणं आणि नको तिथे बोलणं ही दोन खाती त्याच्याकडे. मिलिंद पुण्याचा, पक्का शाकाहारी, केकसुद्धा विचारून खातो. आणि आमचा रोस्ट मास्टर तोच! हसू नका. थर्मामीटर लावून दोन तास ग्रिलपाशी शांत उभं राहणं दुसऱ्या कोणाला जमत नाही. आम्ही सगळे मध्येच तुकडा तोडून बघतो. मिलिंद म्हणतो, "मला खायचंच नसतं, म्हणून मी ऑब्जेक्टिव्ह असतो."

आणि ज्यांच्या बॅकयार्डात हे सगळं होतं, ते आप्पाकाका. भुलीचे डॉक्टर, आता रिटायर्ड. मूळ गाव राधानगरीच्या बाजूला. काकू गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटेच असतात.

आप्पाकाकांचे वडील शिकारी होते. तेव्हा बंदी नव्हती. उन्हाळ्यात शिकार घरी यायची, मागची अख्खी मांडी, म्हणजे फरा, निखाऱ्यावर भाजायचे आणि सोबत गुळातली करवंदं. आप्पाकाका तेव्हा एवढेसे. पुढे बंदी आली, वडील गेले, हे अमेरिकेत आले. इथे हरणाच्या शिकारीला परवानगी असते आणि शेजारचा रॉन दर सीझनला एक फरा आम्हाला आणून देतो. मटण मिळालं, तेही रानातलं. राहिली ती चव!

त्यात आता औषधांनी त्यांची जीभ मंद होत चाललीय. खारट कळतं, गोड अर्धं कळतं. "जीभ आहे तोवर एकदा, स्मिता," ते म्हणतात. "एकदाच." मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही, पण त्यांनी असं म्हटलं की मी पुन्हा गूळ किसायला घेते.

*

पहिल्या वर्षीचा किस्सा. तेव्हा मिलिंद आमच्यात नव्हता. रॉननं फरा दिला आणि निघताना बजावलं, "याला चरबी नसते, जास्त शिजवू नका."

आम्ही बरं बरं म्हणालो. तो गेल्यावर मीटिंग बसली. जंगलातलं जनावर, कच्चं राहिलं तर? शेवटी सर्वानुमते ठरलं, आधी कुकर, मग ओव्हन, मग ग्रिल. फऱ्याचे तुकडे करून कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या. नंतर ओव्हनमध्ये ठेवून गप्पा मारत बसलो. शेवटी धुराचा वास यावा म्हणून ग्रिलवर!

रॉनला मानानं पहिली प्लेट दिली. त्यानं एक घास तोंडात घातला आणि चावत राहिला. आम्ही क्रिकेटपासून निवडणुकीपर्यंत सगळे विषय संपवले, तरी तो चावतोच आहे. शेवटी पाणी पिऊन म्हणाला, "मी हे हरण एका गोळीत मारलं होतं. तुम्ही तीनदा मारलंत!"

त्यानंतर आम्ही मिलिंदला शोधला.

*

दुसरा किस्सा आमच्या घरच्या सत्यनारायणाचा. घर पाहुण्यांनी भरलेलं, गुरुजींची कथा रंगात आलेली, मिलिंद सोवळं नेसून त्यांच्या हाताशी. तेवढ्यात दारात रॉन! आप्पाकाका आमच्याकडे आहेत कळल्यावर तो थेट इथेच आला होता. खांद्यावर पांढऱ्या कागदात गुंडाळलेला हा एवढा फरा.

एक काकू देवाकडे हात करून कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, केळीचा केवढा घड आणलाय! देवाजवळ ठेवा, देवाजवळ ठेवा!"

रॉन भला माणूस. बूट काढून निघाला की चौरंगाकडे! प्रशांत "अबे थांबव, थांबव त्याला!" म्हणून मलाच ढकलतोय. आणि ज्यानं जन्मात अंडं खाल्लं नाही त्या मिलिंदनं सोवळ्यात झेप घेतली, रॉनच्या खांद्यावरून फरा उचलला आणि गराजच्या फ्रीजकडे धूम ठोकली. नंतर बिचारा परत आंघोळ करून आला.

रॉनला काही पत्ता नाही. तो पाटावर मांडी घालून बसला आणि प्रसादाचा शिरा खाल्ला. मग अजून मागितला. केळं घातलेला, साजूक तुपातला शिरा. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत मला म्हणाला, "स्मिता, हा स्वीट सॉस हरणाबरोबर काय लागेल ना!"

गुरुजींना इंग्लिश उत्तम येतं. त्यांनी शंख जरा जोरातच वाजवला.

*

आता फळांचं ऐका. मिलिंद आल्यापासून मटण उत्तम जमायला लागलं. बाहेरून खरपूस, आत गुलाबी, रसरशीत. पण करवंदं कुठून आणायची?

आमच्याकडे क्रॅनबेरी ढिगानं मिळते. लाल, आंबट, तुरट. दिसायला करवंदाची गोरी मावसबहीणच. मी ती गुळात शिजवली, वर मिरी, चिमूटभर सुंठ. आप्पाकाकांनी डोळे मिटून घास घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ते नव्हे."

पुढच्या खेपेला जर्दाळू. "छान आहे. पण ते नव्हे." मग डब्यातला आमरस, मग चेरी, मग रॉनच्या बायकोनं दिलेली द्राक्षाची जेली. प्रत्येक वेळी तेच, आणि तेही इतक्या नम्रपणे की आपल्यालाच रडू यावं.

ते वाक्य मग ग्रुपमध्ये सगळीकडे चालू झालं. कोणी नवीन सोफा घेतला, "छान आहे, पण ते नव्हे!" सनीव्हेलहून आलेल्या एका मित्रानं आपल्या अपार्टमेंटचे फोटो दाखवले, भाडं सांगितलं, तर प्रशांत त्याच्या तोंडावर तेच म्हणाला. हसून हसून पुरेवाट व्हायची.

पण खरं सांगू? घरी जाताना गाडीत मला साताऱ्याचं घर आठवायचं. आमच्या परसात एक रामफळाचं झाड होतं. इथे मला सगळं मिळतं, रामफळाचा फ्रोझन पल्पसुद्धा मिळतो. आणून खाते मी. छान असतो. इथे प्रत्येकाचं असं काहीतरी आहे, फक्त आप्पाकाका ते मोठ्यानं बोलतात.

*

एका वर्षी कोणीतरी खबर आणली की एडिसनला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात करवंदं आलीत. चार तासांचा ड्राइव्ह. आप्पाकाका इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर आइसबॉक्स घेऊन पुढच्या सीटवर. जसं काही मुलगी बघायला निघालेत! जाताना वाटेभर करवंदांच्या जाळ्या, काटे, हाताला लागणारा चीक, सगळं सांगून झालं.

दुकानदारानं आत जाऊन अभिमानानं बरणी आणली. करवंदाचं लोणचं!

"अहो, ताजी पाहिजेत," मी म्हणाले.

"धुऊन घ्या ना बेन," तो म्हणाला. "ताजीच होतील."

आता एवढं आलोय तर म्हणून आम्ही बरणी घेतली. परत येताना आप्पाकाका कनेक्टिकट संपेपर्यंत बरणीवरचं लेबल वाचत होते. आइसबॉक्स मांडीवर तसाच. मग हळूच म्हणाले, "धुऊन बघू या, स्मिता."

धुतली हो! चाळणीत धरून धरून धुतली, रात्रभर पाण्यात ठेवली, गुळात शिजवली. रविवारी फऱ्याबरोबर वाढली. आप्पाकाकांनी घास घेतला आणि या वेळी त्यांच्याच्यानं "छान आहे"सुद्धा म्हणवेना.

प्रशांत म्हणाला, "काका, हे हरण समुद्रात बुडून मेलं का बे?"

आप्पाकाका इतके हसले, इतके हसले, की डोळे पुसायला त्यांना आत जावं लागलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

मध्ये एकदा रॉन त्यांना जंगलात घेऊन गेला. मनात आलं असेल, म्हाताऱ्याला शिकार दाखवू. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, पहाटेपासून दोघं एका ओंडक्याआड. अगदी चूप बसायचं असतं. आप्पाकाका बसलेही. मग झाडीतून एक हरीण आलं, मान वर करून उभं राहिलं. रॉननं बंदूक उचलली.

आणि आप्पाकाकांना वडील आठवले!

"रॉन, काय सांगू तुला! आमचे दादा अस्सेच उभे राहायचे..."

हरीण गेलं ते गेलंच. आप्पाकाका मात्र दुपारपर्यंत बोलत होते. परत आल्यावर मी रॉनला विचारलं, "काय मिळालं?"

रॉन म्हणाला, "हरीण नाही मिळालं. एक जुना शिकारी भेटला, इंडियातला. मला आवडला."

*

आता शेवटचा, अगदी परवाचा.

आप्पाकाकांची थोरली बहीण, अक्का, गावाहून आली. ऐंशी पार केलेली, नऊवारी, पायात जाड मोजे आणि मुलानं घेतलेले स्नीकर्स. त्यांना आणवण्यासाठी आप्पाकाकांनी जिवाचं रान केलं होतं. आम्हाला म्हणाले, "दादांच्या शिकारीच्या वेळी घरात असलेलं आता दुसरं कोणी राहिलं नाही. ती एक घास घेऊन सांगेल काय चुकतंय ते."

दुपारची वेळ, ऊन चांगलं पडलेलं. मिलिंदनं त्या दिवशी जीव ओतून फरा भाजला. मी क्रॅनबेरी गुळात केली, ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. रॉन आणि त्याची बायको आली. अक्कांना मध्ये खुर्ची दिली, पहिला तुकडा त्यांच्या ताटात. अक्कांनी सावकाश चावला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "जरा कच्चं हाय."

मिलिंदचा चेहरा बघवेना. पण आप्पाकाका पुढे सरकले. "अक्का, दादांच्या वेळेसारखं लागतंय का? काय कमी आहे त्यात?"

"मला काय ठावं?"

"अगं, आठव ना. शिकार यायची, फरा भाजायचे, करवंदं..."

"आरं पर मी कुटं खाल्लाय फरा!" अक्का म्हणाल्या. "फरा भाईर सोप्यात जायचा. मामलेदार, फौजदार, पावणं, मग घरातलं बापय. आत बायकांत काय यायचं? रिकामी परात यायची."

"पण मी तर खाल्लाय ना!"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही.

"बाळू, तू चार वर्साचा. तुला कोण पंगतीला घेतंय? तू चुलीम्होरं नाचायचास, शिकार दे, शिकार दे म्हनून. आई त्या परातीत करवंदं कुस्करायची, गुळाचा खडा टाकायची, परातीला लागलेलं समदं भाकरीनं पुसून घ्यायची आन् म्हनायची, घे, ही तुझी शिकार."

रॉननं मला खुणेनं विचारलं, काय झालं? तुम्हीच सांगा, त्याला इंग्लिशमधून काय सांगणार होते मी?

इतक्यात आतून नळाचा आवाज आला. प्रशांत फऱ्याखाली ठेवलेला ट्रे विसळायला निघाला होता.

"थांब रं!" अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की प्रशांतनं ट्रे छातीशीच धरला. "हिकडं आन त्यो."

त्यांनी ट्रे मांडीवर घेतला. कडेला रस आणि मसाला करपून चिकटला होता. माझी क्रॅनबेरी त्यात ओतली, बोटांनी कुस्करली, भाकरीच्या तुकड्यानं कोपरा न् कोपरा पुसून काढला. घास केला आणि आप्पाकाकांच्या तोंडात घातला.

आप्पाकाकांनी डोळे मिटले. चावणं मध्येच थांबलं. गालांवरून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलं नाही. घास गिळून झाला तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

मग उघडले. ट्रेकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं.

"अक्का," त्यांनी विचारलं, "परात मला दिल्यावर तू आणि आई काय खात होतात?"

अक्कांनी ट्रेचा राहिलेला कोपरा पुसून दुसरा घास केला.

"आ कर," त्या म्हणाल्या.