अकरा मीटर चौसष्ट

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. खिडकीची काच दोन मिलिमीटर मोठी झाली तर चौकटीत बसत नाही, दोन मिलिमीटर लहान झाली तर वाऱ्यानं खडखडत राहते. "साधारण एवढी हवी" म्हणून हात पसरून दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात तो टेप द्यायचा आणि घरी परत पाठवायचा.

दुकान लांबट, अरुंद. मागे जाड कापड चढवलेलं कापायचं टेबल, दोन्ही भिंतींना टेकवलेल्या काचा, आणि पुढे काउंटरवर त्याची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली ताई म्हणे. फोन घेणं, पावत्या फाडणं आणि भावाला भानावर ठेवणं ही तिची कामं. पैकी तिसऱ्यातच दिवस जायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी घाऊक व्यापाऱ्याचा ट्रक काचा घेऊन येई. पुरुषभर उंचीची जाड काच, वजन नव्वद किलोच्या आसपास. ती आडवी धरता येत नाही, टेकवायला वाटेत काही नसतं, आणि वारा असेल तर दोन माणसांच्या हातात ती शिडासारखी ओढ घेते. म्हणून ट्रक दारातच लागायला हवा. त्यासाठी दुकानासमोर पालिकेनं पिवळा पट्टा आखला होता आणि बोर्ड लावला होता: मंगळवार व शुक्रवार, सकाळी आठ ते अकरा, फक्त माल उतरवण्यासाठी.

बोर्ड वाचता न येणारे लोक बहुतेक गाड्या घेऊनच फिरतात, असं मिलिमीटरचं मत झालं होतं. मंगळवार बरा जायचा, कारण शेजारचं ब्यूटी पार्लर त्या दिवशी बंद असे. शुक्रवारी मात्र पार्लरच्या बाईंची छोटी लाल गाडी सकाळी पावणेआठलाच पट्ट्यात. "पाचच मिनिटं हं!" असं त्या कुणालाही उद्देशून न बोलता बोलत आणि आत जात. ती पाच मिनिटं कुणाचे तरी केस रंगवून, धुवून, वाळवून होईपर्यंत चालायची.

"अरे, जाऊन सांग ना तिला," ताई म्हणायची. "तिच्या भिंतीभर आरसे तूच लावलेस. ओळख आहे."

"ओळखीचा काय संबंध? नियम आहे. बोर्ड आहे. मी सांगणारा कोण?"

सांगायला पालिकेचं ॲप होतं. आठ महिन्यांत त्यानं एकतीस तक्रारी केल्या. फोटोत गाडीचा नंबर आणि बोर्ड दोन्ही दिसायला हवेत, अशी अट होती. बोर्ड पट्ट्याच्या एका टोकाला, गाडी दुसऱ्या. मग हा रस्त्याच्या मधोमध स्टुलावर चढून फोटो काढायचा आणि मागून येणारे हॉर्न मारायचे. उत्तरं ठरलेली. "जागेवर वाहन आढळले नाही." आढळणार कसं? निरीक्षक सव्वाबाराला यायचा. "फोटो अस्पष्ट आहे." आणि उरलेल्या सगळ्यांना, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे."

"गाड्या हलेनात, तक्रारी मात्र भराभर हलतायत," ताई म्हणाली.

मग एका शुक्रवारी ट्रकवाल्यानं गल्लीला तीन फेऱ्या मारल्या आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मालक, ही दुसरी खेप परत चालली. तिसरी गेली की ऑफिस तुमचं दुकान यादीतून काढणार. मग गोदामावर येऊन माल न्यायचा."

"कशातनं नेऊ? रिक्षातनं?"

"ते मला नका विचारू. मला अजून नऊ दुकानं आहेत."

गोदामातून काच आणायची तर उभ्या लोखंडी चौकटीचा ट्रक हवा. तो त्याच्याकडे नव्हता, होणारही नव्हता. घरपोच माल बंद म्हणजे मोठ्या काचेचं काम बंद. मग उरणार फोटोफ्रेमा.

त्याच सकाळी, अकरा वाजायच्या आत, त्यानं बत्तिसावी तक्रार लिहायला घेतली. या खेपेला ॲपनं नवाच प्रश्न काढला होता: "वाहन आखीव जागेत नेमके किती होते?" आठ महिन्यांत पहिल्यांदा पालिका त्याच्या भाषेत बोलत होती. तो टेप घेऊन बाहेर पडला, रस्त्यावर गुडघे टेकले, आणि गाडीबरोबर अख्खा पट्टाही मोजून आला. पट्टा लांबी अकरा मीटर चौसष्ट सेंटीमीटर. रुंदी दोन मीटर अडतीस. लाल गाडी पूर्णपणे आत. सोबत पेन्सिलीनं काढलेला नकाशा.

"एवढं पुराण कशाला?" ताई म्हणाली. "गाडी आत होती, एवढं लिही की."

"अर्धवट माप मी देत नसतो."

मंगळवारी, ट्रक माल उतरवून गेल्यावर, पालिकेची दोन माणसं खरोखर आली. वेळेवर आली, टेप घेऊन आली. मिलिमीटरनं दुसरं टोक स्वतः धरलं. थोरल्या निरीक्षकानं आकडा वाचला, कागदाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली.

"अकरा चौसष्ट. तुमचं माप तंतोतंत आहे."

मिलिमीटर ताईकडे बघून हसला. अशी शाबासकी त्याला कुणी क्वचितच देई.

"नियमाप्रमाणे माल उतरवायची जागा किमान बारा मीटर लागते," निरीक्षक म्हणाला. "म्हणजे ही जागा नियमात बसत नाही. आमच्या लक्षात कुणी आणूनच दिलं नव्हतं."

"मग वाढवा छत्तीस सेंटीमीटर. रंग मी देतो!"

"तसं नाही होत. ही रद्द. नव्या जागेसाठी नवा अर्ज. पाहणी, हरकती, मंजुरी. पाच-सहा महिने धरून चाला."

"आणि तोवर?"

"तोवर इथे कुणीही गाडी लावू शकतं."

गुरुवारी सकाळी दोन कामगारांनी पिवळ्यावर काळा रंग फासला आणि बोर्ड उपटून टेम्पोत टाकला. संध्याकाळी तिथे तीन गाड्या उभ्या होत्या. तिन्ही कायदेशीर.

पार्लर बंद व्हायच्या वेळी तो आत गेला. बाई कात्र्या पुसत होत्या. चारी बाजूंच्या आरशांत त्याला स्वतःचंच ओशाळं तोंड दिसत होतं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला, "ट्रक येतो माझा."

"या, या भाऊ. आज कॅमेरा नाही आणला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"स्टुलावर चढून माणूस आपल्या गाडीचे फोटो काढतो, ते कळत नाही होय? दोनदा दंड भरलाय मी. आठ महिन्यांत एकदा तरी आत येऊन 'बाई, गाडी काढा' म्हणालात?"

"बोर्ड होता ना."

"बोर्डाला तोंड असतं का? मला काय ठाऊक ट्रक कधी येतो. सगळीकडे बोर्ड असतात."

त्यानं ट्रकवाल्याचं बोलणं सांगितलं. तिसरी खेप, यादी, सगळं. बाईंनी कात्री खाली ठेवली.

"आधी ते फोटो काढून टाका. माझ्यासमोर."

बत्तीस तक्रारींचे फोटो त्यानं तारखांप्रमाणे नीट लावून ठेवले होते. एकेक पुसायला बराच वेळ लागला. बाई खुर्चीवर बसून शांतपणे बघत होत्या.

शुक्रवारी त्या सातलाच आल्या आणि ट्रकसाठी जागा धरून ठेवायला गाडी बरोबर त्याच्या दारासमोर लावली. पुढच्या-मागच्या जागा साडेसातपर्यंत भरल्या. नऊच्या सुमारास ट्रक गल्लीत शिरला. मिलिमीटर पार्लरच्या काचेवर टकटक करत राहिला. आत एक गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसलं होतं. बाई हातमोजे काढत बाहेर आल्या, "दोन मिनिटांत रंग जास्त लागला तर तुमच्या नावानं सांगीन तिला," म्हणाल्या आणि गाडी काढून पुढच्या चौकात गेल्या. ट्रक तिरपा का होईना, लागला. मागच्या माणसांचे हॉर्न आणि शिव्या खात सहा काचा आत गेल्या.

"आज जमलं," ट्रकवाला म्हणाला. "मंगळवारी?"

मिलिमीटरनं बाईंकडे पाहिलं. त्या चालत परत येत होत्या.

"मंगळवारी मी नसते. गाडी सोमवारी रात्री इथे ठेवून जाईन. पण काढणार कोण? तुम्हाला येते चालवायला?"

त्याला येत नव्हती. त्याचं सगळं आयुष्य दोन पावलांच्या टेबलाभोवती गेलं होतं.

"मला येते," काउंटरमागून ताई म्हणाली.

"तू शेवटची कधी चालवलीस?" त्यानं विचारलं. "खांबाला घासून आणली होतीस."

"मग तू चालव."

बाईंनी जुडग्यातून गाडीची जादा किल्ली काढून ताईच्या हातात दिली आणि लगबगीनं आत गेल्या. ट्रकवाल्यानं खिशातून यादी काढली, मंगळवारच्या रकान्यात दुकानाच्या नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि गाडी सुरू केली. तो वळणावर पोचायच्या आत एक पांढरी मोटार दारासमोर येऊन उभी राहिली. आतला माणूस उतरला, गाडीला कुलूप लावलं आणि निघून गेला.