अंबाडीचा पंख

ऐका, आईशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे थोडं वाढवलंय. कोरडाच किस्सा सांगितला तर मला चहा कोण पाजणार?

महाप्याला माझा फायबरचा कारखाना. सोसायटीच्या बागेत तोंड वासून बसलेले पेंग्विन असतात ना, कचरा टाकायचे? ते माझे. माझी पुतणी सायली इंजिनिअरिंगला. तिच्या टीमने रेसची गाडी बनवलेली. गाडीच्या मागच्या पंखाचं काम सायलीने टीमशी भांडून मला आणलं. गाडी सुसाट सुटली की तिला रस्त्यावर दाबून धरतो तो पंख. तोही कार्बनचा नाही, अंबाडीच्या धाग्याचा. आपण भाजी खातो तीच अंबाडी. पंख तपासणीत पास झाला तर गाडी धावणार, नाहीतर टेम्पोत बसून घरी.

"काका, अंबाडीचं कापड भट्टीत सुकवून आणलंय. पिशवी उघडली की लगेच रेझिन लावा. ओल लागली तर थर सुटतात."

"मला शिकवतेस?"

ती गेली. मी पिशवी उघडली. पण कारखान्यात नवा माल आला की आधी पूजा, ही आमच्या बाबांपासूनची रीत. हळद, कुंकू, अक्षता. नारळ फोडला, पाणी कापडाच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडलं. नेहमीचा काचेचा धागा असता तर फडक्याने टिपून घेतलं असतं. अंबाडी सगळं पिऊन बसली.

"अहो, ओलं लागतंय," पूजेला आलेली बायको म्हणाली.

"तीर्थ आहे ते."

वर रेझिन चढवलं, धागे चिकटवून कडक करणारा डिंकच म्हणा. साच्यातून पंख निघाला तो अंगावर गुलाबी डाग घेऊन.

"काका, हे गुलाबी काय?"

"नॅचरल आहे ना बाळा. नॅचरलमध्ये असं यायचंच."

तिने मान डोलावली. विश्वास हो, दुसरं काय.

तपासणीला परीक्षकांनी पंखावर अंगठा दाबला. कट्. चहात बुडवलेल्या खारीसारखे थर सुटले. त्यांनी आतून तांदळाचा दाणा काढला, उजेडात धरला. "हे कुठलं फायबर?"

गाडी बाद. मग सायलीने सगळ्यांदेखत मला झापलं. "काका, तुमचा देव कुठल्या कॉलेजात शिकलाय? विचारा त्याला, ओल्या धाग्यावर रेझिन धरतं का ते!" पोरं हसली, परीक्षक हसले, मीही हसलो.

खरं सांगू? बाकी सगळं घडलं तसंच. झापणं तेवढं माझं. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "माझी चूक, सर. मटेरियल मी तपासायला हवं होतं," एवढं म्हणाली आणि पाना घेऊन पंख सोडवायला बसली. हसलं कुणीच नाही.

झापणं मी घरी येताना रिक्षात रचलं. बरं जमलंय ना?